मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ मूळ आहे का? तीन प्रोग्रॅम, तीन उत्तरं

रंकाळा_पश्चिम: कोल्हापुरात शाळेच्या गणित प्रदर्शनात २^३२ + १ या संख्येचा तक्ता लावायचाय. फर्माची कसोटी पाया २ घेऊन लावली: २ चा (न − १) वा घात, त्याला न ने भागून बाकी १ आली तर न मूळ असावी. सी भाषेत अनसाइन्ड इंट (३२ बिटांचा पूर्णांक) घेतला तर संख्याच १ छापली जाते. अनसाइन्ड लाँग लाँग (६४ बिटांचा) केला तर बाकी ०. पायथॉनमध्ये बाकी १. न विषम आहे, मग २ च्या घाताची बाकी ० येतेच कशी?

तांबडा_पांढरा: भावा, संयुक्त आहे. ६४१ × ६७००४१७. फर्माला ती मूळ वाटत होती, ऑयलरने १७३२ मध्ये फोडली. कॅल्क्युलेटर नको, कागदावर बघ. ६४१ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीच्या हिशेबात:
५ × २^७ = ६४० ≡ −१
चौथा घात घे: ५^४ × २^२८ ≡ १
पण ५^४ = ६२५ = ६४१ − १६ ≡ −२^४
म्हणून −२^३२ ≡ १, म्हणजे २^३२ + १ ≡ ०, झालं.
तक्त्यावर हेच चार ओळींत लाव.

शेष_शून्य: आता प्रोग्रॅमचं. ३२ बिटांत सगळ्यात मोठी संख्या ४२९४९६७२९५. तुझी त्याहून दोनने मोठी, म्हणून फिरून १. लाँग लाँगची गंमत वेगळी आहे. २ चा वर्ग करत गेलास की पाचव्या वेळी २^३२ येतो, म्हणजे न − १. सहाव्या वर्गाला २^६४. चौसष्ट बिटांत तो फक्त एकाने मावत नाही, ० होतो आणि पुढे ०च राहतो. गुणाकार १२८ बिटांत कर.

पायथॉनचा १ बरोबर आहे, कसोटीच फसते. न ने भागल्यावरच्या बाकीत २^३२ ≡ −१, म्हणून २^६४ ≡ १, आणि न − १ हा ६४ च्या पटीत. या जातीच्या, म्हणजे २^(२^म) + १ अशा, संख्यांना पाया २ कधीच पकडणार नाही. पाया ३ घे: बाकी ३०२९०२६१६० येते, १ नाही.

रंकाळा_पश्चिम: ६७००४१७ मूळ कशावरून? २५८८ पर्यंत सगळं भागायचं?

तांबडा_पांढरा: छे. लुकासने १८७८ मध्ये दाखवलं की २^३२ + १ चा प्रत्येक विभाजक १२८क + १ असाच असतो. ६७००४१७ चे विभाजक त्यातलेच. २५८८ च्या आत अशा मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. ६७००४१७ ला त्यांनी भागल्यावर बाकी अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही.

शेष_शून्य: तक्त्यासाठी: २^३२ + १ चे विभाजक चार, त्यांची बेरीज ४३०१६६८३५६. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर ६७००४१७ बसते, त्यामुळे ते पाच भागाकार पोरांना तिथल्या तिथे करता येतील. पूर्ण संख्या दहा अंकी, ती बसणार नाही.