मॅडोनाचं 'ते एक' गाणं कोणतं म्हणाल?

सूरपारंबी:
मंडळी, एका मैत्रिणीशी यावरून कडाक्याचा वाद चालू आहे आणि तो काही मिटत नाहीये म्हणून इथे विचारते. समजा एखाद्याने मॅडोना अजिबात ऐकलेली नाही आणि ही बाई नक्की कोण आहे हे त्याला एकाच गाण्यात कळायला हवं, तर तुम्ही कोणतं गाणं लावाल? सगळ्यात हिट कोणतं हे विचारत नाहीये आणि तुमचं आवडतं कोणतं हेही नाही. अमेरिकेत तिची १२ गाणी पहिल्या नंबरवर गेलीयेत, १९८४ च्या 'लाईक अ व्हर्जिन'पासून २००० च्या 'म्युझिक'पर्यंत, त्यामुळे चार्ट बघून काही ठरणार नाही.

माझं उत्तर 'लाईक अ प्रेयर', १९८९. कारण सांगते. तिचं सगळं करिअर ज्या दोन-तीन गोष्टींभोवती फिरतं, म्हणजे कॅथलिक घरातलं बालपण, पाच वर्षांची असताना गेलेली आई, नाचाचं वेड आणि लोकांना अस्वस्थ करायची हिंमत, त्या सगळ्या या एका गाण्यात एकत्र येतात. पूर्ण अल्बमच तिने आईला अर्पण केलाय, प्रार्थना करायला जिने शिकवलं त्या आईला. आणि नुसता विषय म्हणून नाही हं, गाण्याची बांधणी बघा. सुरुवातीला करकरीत गिटार, ती मध्येच दार आपटल्यासारखी तुटते आणि एकदम ऑर्गन, मागे क्वायरचे, म्हणजे चर्चमधल्या समूहगायकांचे हलके स्वर, ड्रम्स नाहीत, फक्त तिचा आवाज. मग कोरसला ताल सुरू होतो आणि आपण चर्चमधून थेट डान्स फ्लोअरवर. नंतर मध्ये पुन्हा ताल काढून घेतात, पुन्हा चर्च. शेवटी आंद्रे क्राउचचा गॉस्पेल क्वायर गाणं अक्षरशः ताब्यात घेतो आणि ती मागे सरकते. स्टार असून स्वतःच्याच गाण्यात अशी मागे जाते, हे मला फार मोठं वाटतं.

पेप्सीचं प्रकरण तर माहीतच असेल सगळ्यांना. ५० लाख डॉलरचा करार, जाहिरात दाखवली गेली आणि लगेच जळते क्रॉस असलेला व्हिडिओ आला, व्हॅटिकनकडून निषेध, पेप्सीने जाहिरात मागे घेतली आणि पैसे तिच्याकडेच राहिले. पण या वादामुळे गाणं मोठं झालं असं मला बिलकुल वाटत नाही, व्हिडिओ बंद करून फक्त हेडफोनवर ऐका.

तुमचं काय मत? आणि कारण द्या प्लीज, नुसतं नाव नको.

डिस्को_दिगंबर:
'व्होग'. माझ्या मते दुसरं उत्तरच नाही.

लाईक अ प्रेयर महान आहेच, त्यावर वाद नाही, पण तू जे सांगितलंस ते मॅडोना आतून कशी आहे याबद्दल आहे, तिने करिअरभर काय केलं याबद्दल नाही. मॅडोनाचं खरं काम काय तर कुठल्यातरी क्लबमध्ये, मोजक्या लोकांत जे चाललंय ते बरोबर हेरायचं आणि अख्ख्या जगासमोर आणून ठेवायचं. व्होगिंग न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या बॉल्समध्ये कितीतरी वर्षं चालू होतं, काळी आणि लॅटिनो गे पोरं तिथे मासिकातल्या मॉडेल्सच्या पोझ घेऊन एकमेकांशी स्पर्धा करायची. तिने त्यातलेच होझे आणि लुईस हे हाऊस ऑफ एक्स्ट्राव्हगांझा या बॉल्समधल्या गटाचे डान्सर घेतले, व्हिडिओत घेतले, टूरवर नेले. दिग्दर्शक डेव्हिड फिंचरने ब्लॅक अँड व्हाईटमध्ये तो व्हिडिओ असा काही केलाय की १९९० चा आहे हे सांगावं लागतं.

आणि अजून एक, हे गाणं आधी बी-साईड म्हणून, म्हणजे दुसऱ्या गाण्याच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूसाठी करायला घेतलं होतं! शेप पेटिबोनने बनवलेला ट्रॅक, छोट्याशा बेसमेंट स्टुडिओत तिचा आवाज रेकॉर्ड केलेला, आणि रेकॉर्ड कंपनीने ऐकल्यावर म्हटलं की हे असं मागच्या बाजूला वाया घालवायचं नाही. मधल्या रॅपमध्ये ग्रेटा गार्बोपासून सुरू करून १६ जुन्या स्टार्सची नावं घेते, त्यातली शेवटची लॉरेन बॅकॉल २०१४ ला गेली. म्हणजे आता त्या यादीतलं कोणीच हयात नाही आणि नावं घेणारी अजून स्टेजवर आहे.

मधलाबाक:
तुम्ही दोघं फार खोलात शिरलात. रस्त्यावर कुणालाही थांबवून विचारा, 'लाईक अ व्हर्जिन'च म्हणेल. १९८४ चे पहिलेवहिले एमटीव्ही व्हिडिओ अवॉर्ड्स, भल्यामोठ्या वेडिंग केकवरून उतरून लग्नाच्या ड्रेसमध्ये स्टेजवर लोळली, तिथेच सगळं ठरलं. तोवर पॉपमधल्या बायकांनी असं लाईव्ह टीव्हीवर कुठे केलं होतं?

सूरपारंबी:
@मधलाबाक परफॉर्मन्स मान्य, पण ते गाणं तिचं नाहीये ना. बिली स्टाइनबर्ग आणि टॉम केलीने लिहिलेलं, आणि स्टाइनबर्गने तर स्वतःच्याच ब्रेकअपनंतरच्या नव्या नात्यावर लिहिलं होतं. तिने ते स्वतःचं करून टाकलं हे खरं, पण करिअरची ओळख ठरवताना तिने स्वतः काय लिहिलं हे मी धरणार. आणि बघ, १९९० च्या ब्लाँड अँबिशन टूरमध्ये लाल पलंगावरचं लाईक अ व्हर्जिन संपतं आणि लगेच पुढे लाईक अ प्रेयर सुरू होतं. तिला स्वतःला हे दोन्ही सलग दाखवायचं होतं, पाप आणि लगेच प्रार्थना. पण ती गोष्ट पूर्ण होते ती दुसऱ्या गाण्यातच.

@दिगंबर तुझा मुद्दा पटण्यासारखा आहे पण मला एक गोष्ट खटकते. व्होगमध्ये ज्यांची नावं घेतली ते जवळजवळ सगळे हॉलिवूडचे तारे. ज्या पोरांकडून नाच घेतला त्यातल्या एकाचंही नाव त्या यादीत नाही.

डिस्को_दिगंबर:
खटकायलाच हवं, मलाही खटकतं. पण म्हणूनच तर ते गाणं तिची ओळख आहे! तिचं मोठेपण आणि तिच्यावरचा सगळ्यात गंभीर आरोप, दोन्ही त्याच गाण्यात आहेत. दुसऱ्याचं घेऊन मोठी झाली असं म्हणणारे व्होगचंच उदाहरण देतात आणि आमच्यासारख्यांना जागा मिळवून दिली असं म्हणणारेही व्होगचंच देतात. ज्या गाण्यावरून आज पस्तीस वर्षांनंतरही दोन्ही बाजू भांडतात ते करिअरचं गाणं नाही तर कोणतं? आणि तुझ्या लाईक अ प्रेयरमध्ये पण गॉस्पेल हे काळ्या चर्चचंच संगीत आहे, ते विसरू नको. क्राउचचा क्वायर रेकॉर्डवर गायला, पण व्हिडिओत तो नाहीये.

पायात_भिंगरी:
मी थोडी वेगळी बाजू मांडते कारण मी नाचणारी आहे, ऐकणारी नंतर. 'इन्टू द ग्रूव्ह', १९८५. ब्रिटनमध्ये तिचं पहिलं नंबर वन हेच, अमेरिकेत मात्र 'एंजल'च्या बी-साईडला टाकलं म्हणून त्या चार्टवर दिसतच नाही आणि लोक विसरतात. ती न्यूयॉर्कला आली ती डान्सर व्हायला, गायिका व्हायला नाही. स्टीफन ब्रेबरोबर केलेलं आहे, जवळजवळ डेमोसारखंच वाटतं, कीबोर्डचा बेस ढकलत राहतो आणि तिचा आवाज अजून कच्चा, किंचित टोकदार, कुठेही गुळगुळीत केलेला नाही. पुढे सगळं मोठं झालं, धर्म आला, वाद आला, पण मुळात ती नाचताना मोकळी होणारी मुलगी आहे. ते काढून घेतलं तर व्होगही उरत नाही आणि लाईक अ प्रेयरचा कोरसही उरत नाही.

रात्रीचा_रेडिओ:
'रे ऑफ लाईट'चं कोणी नाव काढलं नाही याचं नवल वाटतंय.

जरा विचार करा, १९९८ साली ती चाळिशीला टेकलेली, पदरात लहान मुलगी, त्याआधी इरॉटिका हा अल्बम आणि ते सेक्स नावाचं पुस्तक, लोकांनी पार झोडपून काढलेलं. पॉपमध्ये बायकांना त्या वयात आदराने बाजूला बसवायची पद्धत आहे. ती मात्र 'एव्हिटा' या संगीतमय सिनेमासाठी गाण्याची तालीम करून नवाच आवाज घेऊन आली आणि विल्यम ऑर्बिट या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्याकडे गेली, जो तेव्हा पॉपवाल्यांच्या वर्तुळातला नव्हताच. मूळ गाणं १९७१ चं, कर्टिस माल्डून नावाच्या इंग्लिश फोक जोडीचं, ते जुनं बियाणं घेऊन यांनी त्याचं टेक्नो केलं. तिच्या आवाजाला सोयीचं पडेल त्याच्या जरा वरच तिला गायला लावलंय आणि त्यामुळे कोरसला आवाज ताणला जातो, शेवटी तर ती सरळ किंचाळते. ती ताणलेली जागाच मला सगळ्यात खरी वाटते. आधीची मॅडोना सगळं कंट्रोलमध्ये ठेवणारी, इथे ती कंट्रोल सोडते.

ग्रॅमीने पण तेव्हा कुठे तिला संगीतकार म्हणून नीट दखल घेण्याजोगी मानलं, १९९९ ला या अल्बमला बेस्ट पॉप अल्बम मिळाला. आणि पुढे २००५ मध्ये 'हंग अप' करायची, त्यासाठी 'आबा' (ABBA) या स्वीडिश बँडकडून सॅम्पलची, म्हणजे त्यांच्या गाण्याचा तुकडा वापरायची परवानगी मागायची हिंमत येते कुठून? माझ्या मते इथूनच. करिअर ठरवणारं गाणं म्हणजे शिखरावरचं नाही, जे झालं नसतं तर करिअर तिथेच संपलं असतं ते.

डिस्को_दिगंबर:
@रात्रीचा_रेडिओ शेवटचं वाक्य जबरदस्त. व्होग सोडणार नाही, पण दुसरा नंबर याचा.

मधलाबाक:
मग त्या हिशोबाने लाईक अ व्हर्जिन झालं नसतं तर करिअर सुरूच झालं नसतं 😀

पायात_भिंगरी:
@मधलाबाक नाही रे, 'हॉलिडे' आधीच गाजलं होतं १९८३ ला. सुरुवात क्लबमधूनच झालेली.

ओलीवाळू:
उशिरा येतेय पण एक नाव राहून जातंय. 'लिव्ह टू टेल', १९८६. स्लो गाणं आहे म्हणून कोणी घेत नाही, तिला नेहमी नाचाशीच जोडतात. पॅट्रिक लेनर्डबरोबर लिहिलेलं, लाईक अ प्रेयरवाला तोच. मध्ये एका ठिकाणी सगळं संगीत जवळजवळ विझतं, एकच खोल सूर धरून राहतो आणि मग ती हळू आवाजात पुन्हा उचलते. सिंगलमध्ये अशी रिकामी जागा ठेवायला धाडस लागतं.

पण मी हे नाव घेतेय ते नंतर तिने त्या गाण्याचं काय केलं यासाठी. २०२३ च्या सेलिब्रेशन टूरमध्ये हे गाणं ती एड्सने गेलेल्या लोकांसाठी गायची. आधी पडद्यांवर एकेक चेहरा, मोठा, तिच्या जवळच्या मित्रांचे, मग चेहरे लहान होत जातात आणि वाढत जातात, इतके की ओळखू येईनासे होतात. त्यातला एक ख्रिस्तोफर फ्लिन, तिचा नाचाचा शिक्षक, त्यानेच तिला पहिल्यांदा गे क्लबमध्ये नेलं. म्हणजे दिगंबर, तुझं व्होग जिथून येतं ती माणसं इथे दिसतात. आणि सूरपारंबी, तू म्हणालीस त्या यादीत त्यांची नावं नाहीत, तर ती यादी तिने इथे केली, चेहऱ्यांची.

सूरपारंबी:
@ओलीवाळू हे मी असं कधी जोडून बघितलंच नव्हतं, थँक्यू. लाईक अ प्रेयरच्या अल्बममध्येही एड्सबद्दल माहिती देणारा कागद घातला होता, १९८९ साली, जेव्हा मोठमोठे लोक तो शब्द उच्चारायलाही घाबरत होते. आणि हो, त्या टूरमध्ये लिव्ह टू टेल संपल्यावर लगेच लाईक अ प्रेयर यायचं, त्यामुळे मी माझ्या उत्तरावर अजून पक्की झाले.

बी_साईड:
सूरपारंबीच्या बाजूने माझं मत, आणि एक पुरावा. ज्यांनी ते गाणं फक्त हिट्सच्या कलेक्शनमध्ये ऐकलंय त्यांनी अल्बमवरचं ऐका, कलेक्शनमध्ये रीमिक्स आहे. आणि ऐकलं की तिथेच थांबू नका, अल्बमचं शेवटचं गाणं 'अ‍ॅक्ट ऑफ कॉन्ट्रिशन' लावा. तिथे पहिल्या गाण्यातला तोच क्वायर उलटा वाजवलाय, वर प्रिन्सची गिटार, आणि ती लहानपणी पाठ केलेली पश्चात्तापाची प्रार्थना पुटपुटतेय. शेवटी स्वर्गात रिझर्व्हेशन असल्यासारखी हक्काने बोलते, आणि नाव कॉम्प्युटरमध्ये नाही म्हटल्यावर ओरडते, आणि अल्बम तिथेच कट.