छायाकिंमत म्हणजे नेमकी कोणती किंमत?

प्रश्न : नियोजनावरच्या एका लेखात 'छायाकिंमत' हा शब्द आला. काळ्या बाजारातला भाव असा अर्थ लावून पाहिला, वाक्य जुळेना. शिवाय 'कमांड इकॉनॉमी'ला, म्हणजे काय आणि किती बनवायचं हे सरकारी आदेशाने ठरणाऱ्या अर्थव्यवस्थेला, 'हुकमी अर्थव्यवस्था' म्हटलेलं चालेल का?

– काळ्या बाजाराशी संबंध नाही, रेशनच्या दराशीही नाही. रेशनचा दर सरकार ठरवतं. छायाकिंमत गणितातून निघते. १९३८ साली सोव्हिएत संघातल्या लेनिनग्राडमध्ये कांतोरोविच या गणितज्ञाकडे प्लायवूडवाल्यांचा प्रश्न आला : आठ यंत्रं, पाच प्रकारचं लाकूड, कुठलं लाकूड कुठल्या यंत्रावर किती वेळ चढवलं तर माल जास्तीत जास्त निघेल? असं गणित सोडवताना प्रत्येक यंत्रामागे एक आकडा मिळतो : हे यंत्र आणखी तासभर मिळालं तर उत्पादन कितीने वाढेल? तीच छायाकिंमत. जे यंत्र रिकामं पडून आहे त्याची शून्य, मग ते घेताना कितीही पैसे मोजलेले असोत.

– म्हणजे बाजाराशिवाय किंमत! मग आजच्या संगणकांवर अख्ख्या देशाचं गणित मांडायला काय हरकत आहे?

– मांडा की. पण यंत्र तासाला किती माल काढतं हे कारखान्यालाच ठाऊक. सोव्हिएत व्यवस्थापक क्षमता दडवून ठेवत; यंदा जास्त काढलं की पुढच्या वर्षीचं लक्ष्य वाढलंच म्हणून समजा. ग्लुश्कोव या संगणकतज्ज्ञाने कीवहून १९६०च्या दशकात देशभर संगणकांचं जाळं विणायची योजना मांडली, १९७०मध्ये पॉलिटब्युरोने, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने, तिची काटछाट केली. पूर्ण झाली असती तरी दडवादडवी थांबली असती, असं मला वाटत नाही.

– आता बारकोड आहेत, आकडे हाताने कोण भरतंय?

– बारकोडला विकलेला माल कळतो. हवा होता पण दुकानात नव्हता, तो नाही कळत.

– 'हुकमी' नको हो! हुकमी एक्का, हुकमी फलंदाज म्हणतो आपण. वाचणाऱ्याला भरवशाची अर्थव्यवस्था वाटेल. 'आदेशाधीन' जड आहे, पण फसवत नाही. आणि 'नियोजित' हा त्याला पर्याय नव्हे. १९५६च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतला भारत नियोजितच होता, पण शेती खासगी होती.

– छायाकिंमत वाक्यात कशी वापरायची?

– "खाणीवर कोळशाचे ढीग पडलेत, वाघिणी (मालगाडीचे डबे) मिळत नाहीत, त्यामुळे छायाकिंमत वाघिणीला आहे, ढिगातल्या कोळशाला नाही."