चर्चा : 'संकटात खरं शील बाहेर येतं' असं आजाऱ्याच्या घरी जाऊन म्हणावं का?

छावणीतली (इंदूर)
गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या मिस्टरांना लकवा झाला. वय ४६. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. ते शाळेची व्हॅन चालवायचे, ती विकली. तेव्हापासून घरी येणारं जवळपास प्रत्येक माणूस एकच सांगून जातं : ही तुमच्या विश्वासाची परीक्षा आहे, सोनं आगीतच पारखलं जातं.

मी १७ वर्षं चर्चच्या शब्बाथशाळेत मुलांना शिकवलं. गेल्या महिन्यात एका रात्री यांच्या हातून दलियाची वाटी तिसऱ्यांदा सांडली आणि मी ओरडले. नको ते बोलले. मुलगी दारात उभी होती. पुढचे तीन रविवार मला उपासनेला जाववलं नाही. महिलांच्या प्रार्थनासभेत मन मोकळं करायला हे सांगितलं, तर एक बहीण म्हणाली, "संकटातच खरं शील बाहेर येतं, बाई." म्हणजे त्या रात्रीची मी खरी आणि १७ वर्षांची मी खोटी?

माझं मत स्पष्ट सांगते. दुःख माणसाचं शील दाखवतं की नाही ते देव जाणे. पण भेटायला आलेल्याने ते मापू नये. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडलं तिथे चुकलं. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर. भांडणाऱ्या ईयोबावर नाही.

जुना सभासद
ताई, तुम्हाला जे ऐकावं लागलं ते कठोर होतं, त्याचं मलाही वाईट वाटलं. पण मुद्द्याला माझा विरोध आहे. संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा, हे प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलं. अग्नीत पारखलेल्या सोन्याची गोष्ट येशूचा शिष्य पेत्राने लिहिली, तीही छळ सोसणाऱ्या लोकांना. हे आपण बोलायचंच नाही असं ठरवलं, तर दुःखाला काही अर्थच उरत नाही. मग माणूस नुसता भोगतो.

पंडिता रमाबाई आठवा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई, बहीण गेली. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच १८८२ मध्ये पती गेले. त्याच बाई १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही आणल्या. ज्याने भूक सोसली त्यालाच भुकेलं पोर दिसतं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी १९२२ मध्ये स्वतः जाईपर्यंत बाई बायबलच्या मराठी भाषांतराला धरून होत्या. हे शील सुखात घडलं असतं? मला नाही वाटत.

रात्रपाळी
मी नर्स आहे, २२ वर्षं झाली. काका, रमाबाईंबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण त्याच दुष्काळात त्यांची बहीणही गेली. ती परीक्षेत नापास झाली का? आपण साक्ष ऐकतो ती वाचलेल्यांची. जे वाचले नाहीत, किंवा वाचले पण मोडले, त्यांना साक्ष द्यायला कोणी पुढे बोलावत नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं, आगीतून सगळं सोनंच निघतं.

वॉर्डात मी रोज पाहते. आयुष्यभर शांत राहिलेला माणूस लकव्यानंतर शिव्या देतो, उगाच रडतो, उगाच हसतो. ते त्याचं शील नसतं, मेंदूला झालेली इजा असते. आणि त्याची बायको, जी सहा महिने सलग चार तास झोपलेली नसते, ती ओरडते. झोप नसलेल्या बाईचा विश्वास काय मोजता?

ताई, एक कामाचं विचारते. दलिया सांडतो तेव्हा ठसका लागतो का? लागत असेल तर पातळ देऊ नका. अशा रुग्णाला पाण्यासारखं पातळ गिळणंच सगळ्यात अवघड जातं. ताठ बसवा, घट्टसर द्या, छोटा चमचा, चांगल्या बाजूने. आणि गिळण्याची तपासणी करून घ्या.

पाटणीपुरा
दोन्ही बाजू वाचल्या. आपल्या इंदूरचंच उदाहरण कोणी दिलं नाही म्हणून लिहितो. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. इकडे गावांत भूमिहीन मजुरांसाठी काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांची भोसकून हत्या झाली. २००२ मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात कॅथलिक चर्चने राणी मारियांना 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी.

मी जुना सभासदांच्या बाजूचा आहे. राखी बांधणारा तो हात सुखात कोणाला दिसला असता? पण मधली सात वर्षं मोजा. १९९५ च्या मार्चमध्ये त्या बहिणीला कोणी "ही तुमची परीक्षा आहे" म्हटलं असतं, तर तो माणूस मला आवडला नसता. छावणीच्या ताई अजून पहिल्या-दुसऱ्या वर्षातच आहेत.

छावणीतली
रात्रपाळी ताई, हो, ठसका लागतो. हे मला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. मी दलिया मुद्दाम पातळ करत होते, गिळायला सोपं जाईल म्हणून. तुमचं वाचलं आणि रडायला आलं.

काका, पेत्राचं म्हणता तर पेत्राकडेच या. आग आणि सोनं लिहिणारा हा तोच माणूस, ज्याने प्रभू येशूला धरून नेलं त्या रात्री, कोंबडा आरवायच्या आत, शेकोटीजवळ तीनदा "मी त्याला ओळखत नाही" म्हटलं. प्रभूने त्याला आधीच सांगितलं होतं की सैतान तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागतोय, मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे, आणि तू वळलास की भावांना स्थिर कर. "वळलास की" म्हणजे पडणार हे धरूनच. कोंबडा आरवला तेव्हाचा पेत्र हाच खरा पेत्र, असं प्रभूने कुठे म्हटलं? जो स्वतः त्या रात्रीतून गेला त्याने सोन्याचं बोलावं, मी ऐकेन. सोफ्यावर बसून चहा पिता पिता कोणी बोललं की मला ऐकवत नाही.

जुना सभासद
पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला, असं तिथेच पुढे लिहिलंय. येशूला पकडून देणारा यहूदाही त्याच रात्री पडला आणि तो परतला नाही. चाळणी एकच, म्हणून फरक दिसतो या मतावर मी ठाम आहे. तुम्ही त्या रात्रीनंतर तीन आठवडे स्वतःला दोष देताय, हेही तुमचं शीलच आहे ताई, आणि ते मला दिसतंय.

पण सोफ्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचून थांबलो. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत एका घरातलं तरुण मूल गेलं. मातीच्या दुसऱ्या दिवशी मी त्या वडिलांना हेच वचन ऐकवलं होतं. ते त्यानंतर चर्चला आले नाहीत. त्यांचा विश्वास डळमळला असं मी आजवर समजत होतो.

रात्रपाळी
काका, त्यांचं घर ठाऊक आहे का अजून?

जुना सभासद
ठाऊक आहे. परदेशीपुऱ्यात. रविवारी उपासना झाली की जातो. वचन सांगणार नाही.