भाचा समोरच्या तंबूत जायचं म्हणतोय, जाऊ द्यावं का?

अकरावा गडी:

मंडळी, घरात वाद पेटलाय म्हणून इथे विचारतो. भाचा 17 वर्षांचा, डावखुरा स्पिनर. आझाद मैदानावरच्या एका क्लबात तीन वर्षं जातोय. क्लब कांगा लीगच्या, म्हणजे मुंबईतल्या क्लबांच्या पावसाळी लीगच्या, 'ई' डिव्हिजनमध्ये. आता त्यांच्या अगदी समोरच्या तंबूतल्या क्लबाने पोराला विचारलंय. तेही 'ई'मध्येच. दोन तंबूंमध्ये चाळीस पावलं असतील, पण त्यांचं एकमेकांशी पाणी मागण्यापुरतंही बोलणं नाही.

पोराची तक्रार अशी की सध्याचा कॅप्टन स्वतः डावखुरा स्पिनर आहे. वय 41. एक बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः धरून ठेवतो. पोराच्या वाट्याला आल्या तर तीन ओव्हर, नाहीतर फाइन लेगला चिखलात उभं राहायचं.

आमचे दादा, म्हणजे पोराचे मोठे मामा, याच क्लबाकडून वीस वर्षं खेळले. ते म्हणतात, तंबू बदललास तर माझ्या दारात येऊ नकोस. वर दर दोन वाक्यांनी, "दादर युनियनच्या पोरांनी असलं केलं असतं का?"

मी स्वतः टेनिस बॉलच्या पुढे गेलो नाही. ही दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना या दोन क्लबांची चुरस नक्की काय होती? आणि 'ई' डिव्हिजनच्या पोराने ती डोक्यावर घेऊन फिरायचं का?

पॉइंटला उभा:

जाऊ दे की राव. आयपीएलमध्ये लिलावात कॅप्टनसुद्धा विकले जातात, तिथे कुणाचे मामा रुसत नाहीत. खेळायला मिळेल तिथे खेळायचं, विषय संपला.

ओला टॉवेल:

आयपीएल सोडा हो. तिथे पैसे मिळतात. कांगात आपण पैसे घालून खेळतो. वर्गणी आपली, लोकलचा पास आपला आणि पांढऱ्या पँटीवरचा लाल चिखल घासणारी आईही आपलीच. अशा ठिकाणी माणूस रुसतो, कारण रुसण्याखेरीज त्याच्या हातात दुसरं काही पडत नाही.

आधी दादांच्या प्रश्नाचं बघू. दादर युनियन माटुंग्याला दडकर मैदानावर आणि जिमखाना शिवाजी पार्कात. मधे रेल्वेचे रूळ, चालत फार तर अर्धा तास. इकडे माधव मंत्री, वासू परांजपे, गावसकर, वेंगसरकर. तिकडे वाडेकर, पॅडी शिवलकर, संदीप पाटील. रविवारी यांची आपसात मॅच असली की मैदानाच्या कडेला छत्रीला छत्री लागायची. पण गंमत बघा, हीच माणसं रणजीला एका ड्रेसिंग रूममध्ये बसायची. मुंबईने 1958-59 ते 1972-73 लागोपाठ 15 वेळा रणजी जिंकली, त्या काळात या दोन क्लबांची किती पोरं एका टोपीखाली खेळली. पुढे गावसकर आणि संदीप पाटील टाइम्स शील्डला, म्हणजे कंपन्यांच्या स्पर्धेत, निरलॉनकडून खेळले. म्हणजे ऑफिसकडून एका संघात आणि रविवारी एकमेकांच्या उरावर. त्यामुळे हाडवैर वगैरे म्हणू नका. एकमेकांची खोड माहीत असलेल्या माणसांची ती खडूस चुरस होती. समोरच्याने विकेट फेकायची नाही आणि आपण ती फुकट मागायची नाही.

आता कांगाच्या विकेटवर, म्हणजे खेळपट्टीवर, ही चुरस एवढी का चढायची? डॉ. होरमसजी कांगा म्हणजे 1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर गेलेले पारशी बॅट्समन. त्यांच्या नावाने 1948 मध्ये ही लीग सुरू झाली, आणि ती भर पावसाळ्यात खेळायची हे मुद्दाम ठरवलेलं. विकेट उघडी. आऊटफिल्डला घोट्याच्या वर गवत. जमिनीवरून मारलेला चांगला ड्राइव्ह पंधरा पावलांवर जाऊन मेल्यासारखा पडतो. धावा हव्यात तर उचलून मारावं लागतं, आणि उचलून मारलं की आझाद मैदानावर कॅच आपल्या फील्डरकडे जातो की शेजारच्या मॅचच्या मिड-ऑनकडे, हे देवाला ठाऊक. 22 विकेट्स एका मैदानावर, सगळे पाठीला पाठ लावून उभे. अशात 80 धावा पुरतात. एक चेंडू बसतो, पुढचा त्याच टप्प्यावरून छातीवर येतो. मोठं नाव असलं तरी दहा मिनिटांत परत. म्हणून लहान क्लबालाही वाटतं, आज आपला दिवस असेल.

शिवलकरांचं नाव आलंच आहे, आणि तुमचा भाचाही डावखुरा, म्हणून सांगतो. 1972-73 च्या रणजी फायनलला चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध त्यांनी पहिल्या डावात 16 धावांत 8 आणि दुसऱ्यात 18 धावांत 5 काढल्या. प्रथम श्रेणीत एकूण 589 बळी. आणि भारताकडून कसोट्या किती? शून्य. कारण त्याच जागेवर डावखुरे स्पिनर बिशनसिंग बेदी होते. पॅडींना दुसऱ्या तंबूत जायची सोय नव्हती, देश एकच असतो. तुमच्या भाच्याच्या वाटेत 41 वर्षांचा बेदी आहे, पण त्याचा दुसरा तंबू चाळीस पावलांवर आहे. दादांना एवढं जरूर सांगा.

आता माझं. मीही डावखुरा, मीही तंबू बदललाय. क्रॉस मैदान, ऐंशीचं दशक. कारण तुमच्यासारखंच. पण मी गाढवपणा असा केला की कॅप्टनला सांगितलंच नाही. तोंड नव्हतं. नवीन मोसमात नेटला गेलोच नाही, आणि त्यांना कळलं ते समोरच्या टीमच्या यादीत माझं नाव वाचून.

त्याच वर्षी दोन्ही क्लबांची मॅच पडली. रात्रभर पाऊस. सकाळी माळी गोणपाटं पिळून विकेटवरचं पाणी टिपत होता, आम्ही भुशाची पोती वाहत होतो. खेळ सुरू व्हायला दुपार झाली. मी बॉलिंगला आलो तेव्हा त्यांचे 7 बाद 40 च्या आसपास. चेंडू साबणाची वडी झालेला, म्हणून कमरेला टॉवेल खोचलेला, दर चेंडूआधी पुसायचा. जुने कॅप्टन बॅटिंगला आले. दोन चेंडू पॅडवर घेतले. तिसरा थांबून उडाला, ग्लोव्हला लागला, सिली पॉइंटला कॅच. मी आनंदाने दोन्ही हात वर केले.

कॅप्टन तंबूकडे न जाता सरळ माझ्याकडे चालत आले. मला वाटलं पाठ थोपटतील. त्यांनी माझ्या कमरेचा टॉवेल ओढून काढला, कोपऱ्यावरचं क्लबाचं निळ्या शाईतलं नाव मला दाखवलं आणि म्हणाले, "हा आमचा आहे." घडी घातली, काखेत मारली आणि गेले.

पुढचा चेंडू हातातून सटकला. फुलटॉस. त्यांच्या दहा नंबरच्या पोराने तो रस्त्याच्या कुंपणापार भिरकावला. ती मॅच आम्ही 6 धावांनी हरलो. नेमक्या 6.

तेव्हा जाऊ द्या पोराला. पण कॅप्टनच्या तंबूत जाऊन, बूट काढून, समोर बसून सांगायला लावा. फोनवर नको, मेसेजवर तर नकोच.

गुणलेखक:

टॉवेलवाल्या काकांचं म्हणणं पटलं, पण त्यांनी अर्धंच सांगितलं. मी मैदानावर बरीच वर्षं स्कोअरबुक लिहितो. काही क्लब पोराला खेळवायला नेत नाहीत, समोरच्याकडून कमी करायला नेतात. यादीत नाव घालायचं आणि बाराव्याला बसवायचं. एकदा एका मोसमात एका क्लबाकडून कांगा खेळला की वर्ष गेलं, मग रडून उपयोग नाही. अशी दोन पोरं मी डोळ्यांनी बघितली आहेत, दोघांनी पुढच्या वर्षी किटबॅग माळ्यावर टाकली.

म्हणून समोरच्यांना तीन प्रश्न विचारा. तुमच्याकडे डावखुरा स्पिनर सध्या कोण आहे? गेल्या वर्षी किती मॅचेस तोच खेळला? आणि कांगा संपल्यावर तुम्ही पुरुषोत्तम शील्ड, पोलीस शील्ड, तालीम शील्ड या स्पर्धांतलं काय खेळता? पावसातल्या विकेटवर कुणीही बळी काढतो. निवड समितीचा माणूस बघतो ते कोरड्या विकेटवर, दुसऱ्या दिवशी तुमचा टप्पा कुठे पडतो ते. पोराला पुढे जायचं असेल तर ही शील्डं मिळणं जास्त महत्त्वाचं. आमच्याकडे लोक कांगाच्या गोष्टी सांगतात, कारण त्या रंगतात. (वरचीच बघा.)

आणि सध्याच्या क्लबाचं स्कोअरबुक मागून घ्या. बॉलिंगचा रकाना बघा. किती ओव्हर मिळाल्या एवढंच नाही, कधी मिळाल्या ते बघा. समोरचे 9 बाद असताना, की दोघं सेट असताना. पोरं घरी येऊन सांगतात ते आणि पुस्तकात असतं ते, यात फरक असतो.

अकरावा गडी:

गुणलेखक, तुमचं ऐकून काल स्कोअरबुक चाळलं. आठ मॅचेस, एकूण 31 ओव्हर, त्यातल्या 19 निकाल लागून गेल्यावरच्या. म्हणजे पोरगा खोटं बोलत नव्हता. पण एका मॅचला कॅप्टनने त्याला सुरुवातीलाच बॉल दिला होता, पोराने पाच ओव्हरमध्ये 38 दिल्या. हे मात्र घरी कधी सांगितलं नव्हतं! विचारल्यावर म्हणाला, "चेंडू ओला होता."

समोरच्यांना तिन्ही प्रश्न विचारले. त्यांचा डावखुरा गेल्या वर्षी गुडघ्यामुळे थांबलाय. पुरुषोत्तम खेळतात, बाकीच्यांचं नक्की बोलले नाहीत.

दादांना चेपॉकची गोष्ट वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पॅडी शेवटपर्यंत जिमखान्याचेच राहिले की नाही?" आता याला काय उत्तर देऊ? पण रविवारी पोराबरोबर कॅप्टनकडे तेच जाणार आहेत. "मी सांगेन, तो नुसता बसेल," असं ठरलंय.

ओला टॉवेल:

दादांना नका बोलू देऊ. पोराला बोलू द्या, दादांना बाहेर दोरीजवळ उभं करा. कॅप्टन चिडला तर चिडू दे, तो हक्क आहे त्याचा. आणि त्या 38 धावांचं पोराने स्वतःहून काढलं तर फार बरं. नवीन तंबूतही ओल्या चेंडूवर पहिल्या दिवशीच बॉल हातात येईल, तेव्हा बोटं कोरडी कशी ठेवायची हे जुन्या कॅप्टनलाच विचारून घ्या. 41 व्या वर्षी एक बाजू सांभाळतोय, त्याला काहीतरी येत असणार.

पॉइंटला उभा:

माझं आयपीएलचं मागे घेतो. काका, तो टॉवेल मिळाला का परत?

ओला टॉवेल:

नाही. नव्या क्लबाने दुसरा दिला. तो अजून माझ्या कपाटात आहे, त्यांना परत करायचा राहिलाय.