स्टोरीवाला गेम लो सेटिंगवर खेळला तर मजा जाते का?

जुनं_कार्ड:
रेड डेड रिडेम्पशन २ केव्हापासून लिस्टमधे पडलाय, आता सेलमधे घेऊन टाकला. प्रॉब्लेम असा की माझं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५०, तेही २ जीबी मेमरीवालं. गेमला लागणाऱ्या मिनिमम कार्डात जीटीएक्स ७७० लिहिलंय म्हणजे कसाबसा चालेल, पण चित्राची सगळी सेटिंग लो ठेवून. मित्र म्हणतो असा खेळू नकोस, नवीन कार्ड येईपर्यंत हातच लावू नको, या गेमची अर्धी मजा बघण्यात आहे. माझं म्हणणं स्टोरी तीच, डायलॉग तेच, आवाज तेच, मग गवत जरा कमी हललं तर काय एवढं बिघडलं? यावरून आमचं जाम वाजलंय आणि गाडी शेवटी नेहमीच्या जागी आली, की गेममधे स्टोरी मोठी का ग्राफिक्स. तुमचं काय मत? आणि खरंच असा खेळलेला कोणी आहे का इथे?

शेवटचा_चेकपॉइंट:
खेळ बिनधास्त. ग्राफिक्सचं कौतुक पहिले दोन तास असतं, मग डोळ्याला सवय होते आणि उरते ती स्टोरी.
थॉमस वॉज अलोन (२०१२) बघ, स्क्रीनवर काय तर रंगीत चौकोन आणि आयत, ना तोंड ना हातपाय, नुसता एक निवेदक बोलतोय आणि तरी एखादा आयत मागे राहिला तर जीव कासावीस होतो. त्या निवेदनाबद्दल डॅनी वॉलेसला बाफ्टा (ब्रिटिश पुरस्कार) मिळालंय! डिस्को एलिझियममधे दहा लाखांच्या वर शब्द आहेत, अर्धा वेळ तू वाचतच असतोस, साध्या लॅपटॉपवर चालतो. ओब्रा डिन तर दोनच रंगात आहे, जहाजावरच्या ६० माणसांचं काय झालं ते शोधायचं, आणि मी झोप सोडून शोधलंय.
आता उलटं बघ. द ऑर्डर १८८६, २०१५ चा, दिसायला आजही भारी. स्टोरी सांग बरं मला त्याची. नाही ना आठवत?

नुसतं_गेमप्ले:
दोन्ही नंतर, आधी गेमप्ले. टेट्रिसला स्टोरी पण नाही आणि ग्राफिक्स पण नाहीत, १९८४ पासून लोक खेळतायत. डूम हा गोळीबाराचा गेम बनवताना टीममधल्या टॉम हॉलनी गेमची अख्खी दुनिया, पात्रं, सगळं लिहून काढलं होतं, ते बहुतेक बाजूला पडलं, तो स्वतः पण १९९३ मधे टीम सोडून गेला आणि डूम तरी डूम झालाच की

धुक्यातली_मुलगी:
@नुसतं_गेमप्ले दर धाग्यात टेट्रिस आणायचा नियम आहे का तुझा 😄 प्रश्न स्टोरीवाल्या गेमचा आहे.

@शेवटचा_चेकपॉइंट तुझी उदाहरणं आवडली पण मला वाटतं ती तुझ्याच विरुद्ध जातायत. ओब्रा डिनचे ग्राफिक्स कमी कुठे आहेत? गेम बनवणाऱ्या लुकस पोपनी ते दोन रंग ठरवून निवडलेत, जुन्या मॅकिंटॉशसारखे दिसावेत म्हणून, आणि अख्खं जहाज, प्रत्येक चेहरा, प्रत्येक मेलेला माणूस त्या ठिपक्यांत नीट ओळखू येईल असा बसवलाय. त्यात सेटिंगचा कुठलाच स्लायडर खाली ओढलेला नाहीये. चौकोनांचंही तेच. जो गेम चौकोनांसाठीच लिहिलाय तो चौकोनांत पूर्ण आहे. पण जो गेम पहाटेचा उजेड, धुकं, माणसाचा चेहरा यावर लिहिलाय त्यातला उजेड आपण बंद केला तर ती वेगळी गोष्ट झाली, तिथे तू स्टोरीचाच तुकडा काढतोयस.

एल.ए. न्वार (२०११) आठवतो का? नटांचे चेहरे ३२ कॅमेऱ्यांनी शूट केले होते, कारण समोरचा खोटं बोलतोय का हे तुला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचंय. नजर चोरतो, आवंढा गिळतो, ओठ दाबतो. तो चेहरा धूसर केला तर तपास काय करणार डोंबल. तिथे ग्राफिक्स हीच स्टोरी आहे.

आणि जास्त स्वच्छ दिसतं म्हणजे चांगलं असंही नाही, हे पण लिहून ठेवते. सायलेंट हिलमधलं धुकं मुळात आलं कारण प्लेस्टेशनला लांबचं काढता यायचं नाही, म्हणून झाकलं, आणि त्या झाकण्यातूनच भीती तयार झाली. दुसऱ्या भागापर्यंत धुकं ही त्या गावाची ओळख झाली होती. मग २०१२ च्या एचडी कलेक्शनमधे तेच धुकं विरळ झालं आणि जे दिसायलाच नको होतं, रस्त्याचे संपलेले कोपरे वगैरे, ते दिसायला लागलं. पिक्सेल वाढले आणि गाव मेलं. लोकांनी भरपूर शिव्या घातल्या होत्या, योग्यच.

त्यामुळे मित्राचं थोडं बरोबर आहे. रेड डेड २ मधे आर्थरचं, म्हणजे नायकाचं, काय चाललंय ते गेम बोलून कमी आणि दाखवून जास्त सांगतो, दाढी वाढते, अंगावर चिखल साचतो, आणि पुढे पुढे त्याच्या चेहऱ्यावर जे

शेवटचा_चेकपॉइंट:
ए ए ए थांब!! त्यानी खेळला नाहीये अजून

धुक्यातली_मुलगी:
थांबले थांबले, काही सांगितलं नाही. चेहऱ्याकडे लक्ष ठेव एवढंच म्हणते.

पॅड_हातात:
मी कन्सोलवाली, स्लायडर वगैरे भानगड मला नसते, जे दिलंय ते खेळायचं. म्हणून एक वेगळं सांगते. द लास्ट ऑफ अस २०१३ मधे पीएस३ वर ७२०पी मधे आला, २०१४ ला पीएस४ वर सुधारून आला, २०२२ ला पीएस५ साठी अख्खा नव्यानं बनवला. स्टोरी तीच, सीन तेच, आवाज तेच. म्हणजे तुमच्या वादाची परीक्षा आयतीच झालेली आहे. नवीनमधे चेहऱ्यावरचा अभिनय जास्त पोचतो हे मान्य, जोएल (नायक) काही न बोलता नुसता बघतो तिथे फरक कळतो. पण पहिल्या वेळी लोक ढसाढसा रडलेच होते की, तेव्हा कोणी म्हणालं नाही की डोळे नीट रेंडर झाले नाहीत म्हणून रडू येत नाहीये.
मला विचाराल तर स्टोरीचा खून करतं ते अडखळणं. सायबरपंक २०७७ हा गेम २०२० मधे जुन्या कन्सोलवर इतका वाईट चालला की सोनीनं स्टोअरमधून काढून टाकला होता काही महिने. तिथे स्टोरी चांगली होती, चित्र पण वाईट म्हणावं असं नव्हतं, पण गंभीर सीन चाललाय आणि मागचा माणूस हवेत उभा, कोण मनावर घेईल. (हां, शॅडो ऑफ द कोलॉसस पीएस२ वर जाम अडखळायचा आणि तरी मला तो आजही सगळ्यात जवळचा, तेव्हा माझंही फार ऐकू नका.)

सेटिंगवाला:
तत्त्वज्ञान झालं असेल तर कामाचं बोलू 😄

१०५० वर तीस एफपीएस (सेकंदाला तीस चित्रं) मिळेल, तेवढं धर आणि तिथेच लॉक कर. चाळीस-पंचवीस असं वरखाली होण्यापेक्षा स्थिर तीस डोळ्याला बरं, आणि हा गेम तसाही सावकाश चालणारा आहे, घोड्यावर बसून निवांत जायचं. एमएसएए (कडा गुळगुळीत करणारं सेटिंग) पूर्ण बंद, ते एकटंच कार्ड खाऊन टाकतं. पाणी, व्हॉल्युमेट्रिक (धुकं-उजेडाचे इफेक्ट), रिफ्लेक्शन, गवत सगळं खाली. टेक्स्चर (चेहऱ्यावरची, वस्तूंवरची बारीक नक्षी) मात्र शेवटी खाली आण, त्याला कार्डाची ताकद कमी आणि मेमरी जास्त लागते. तुझी मेमरी २ जीबीच आहे म्हणजे फार वर जाता येणार नाही, पण धुक्यातली_मुलगी म्हणतेय तो चेहरा बघायचा असेल तर वाचलेलं सगळं तिथे खर्च कर. सावल्यांकडे कोणी बघत नाही, चेहऱ्याकडे सगळे बघतात.

जुनं_कार्ड:
वा, हे भारी. रिझोल्युशन ७२०पी केलं तर? मॉनिटर १०८०पी चा आहे.

सेटिंगवाला:
नको. सगळंच फुगून धूसर होतं, सबटायटल पण, आणि स्टोरीवाल्या गेममधे सबटायटल वाचता येईना म्हणजे कल्याणच. रिझोल्युशन १०८०पी च राहू दे आणि एफएसआर लाव, २०२२ च्या अपडेटमधे आलंय. आतलं चित्र कमी पिक्सेलमधे काढून मोठं करतं, अक्षरं मात्र स्वच्छ राहतात. डीएलएसएस (एनव्हिडियाचं तसंच तंत्र) शोधत बसू नको, ते आरटीएक्स कार्डांवरच चालतं. एफएसआर पण अगदी खालच्या मोडवर नेऊ नको, लांबचं गवत आणि केस शिजल्यासारखे दिसतात.

धुक्यातली_मुलगी:
एवढं केलंस तर खेळ, माझी हरकत मागे. नवीन कार्ड यायची वाट बघण्यात अजून वर्ष गेलं तर शेवट कोणीतरी फोडणारच, ते लो टेक्स्चरपेक्षा वाईट.

नुसतं_गेमप्ले:
मी फोडू का

शेवटचा_चेकपॉइंट:
तू टेट्रिस खेळ

जुनं_कार्ड:
😂😂 डाउनलोड लावलाय, १५० जीबी जागा मागतोय, अर्ध्या गोष्टी डिलीट केल्या. मित्राला हा धागा पाठवला, तो म्हणतो एल.ए. न्वारवाला मुद्दा माझाच होता फक्त मला मांडता आला नाही. असो. सेटिंगवाला, सुरू करताना पहिल्यांदा काय तपासू?

सेटिंगवाला:
सेटिंगमधेच बेंचमार्क (किती एफपीएस मिळतात त्याची चाचणी) दिलाय, आधी तो चालव. सरासरी बघू नको, सगळ्यात खालचा आकडा बघ. आणि सेंट डेनिस शहरात पोचलास की परत एकदा सेटिंग बघावं लागेल, तिथे गर्दी आणि दिवे खूप. तोपर्यंत मोकळ्या माळावर निवांत चालेल.