ज्वालामुखीच्या दरीतील प्राणी विश्वसनीय कसे वाटतील?

प्रश्न:
मी एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत असून तिचे बरेचसे कथानक एका धुमसत्या ज्वालामुखीच्या दरीत घडते. लाव्ह्यात पोहणारे किंवा आग ओकणारे प्राणी मला नको आहेत; परंतु ते वगळल्यास अशा ठिकाणी कोण राहील, काय खाईल आणि तेथे शिरणाऱ्या माणसाला नेमके भय कशाचे असेल? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
बेसाल्टी लाव्हा हजार अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेला असतो, तर ज्ञात सूक्ष्मजीवांची मजल १२२ अंशांपर्यंतच जाते. तेव्हा वस्ती प्रवाहात नको, नुकत्याच थिजलेल्या कातळावर दाखवावी. हवाई बेटांवर एक बिनपंखी रातकिडा आहे. तो नव्या लाव्ह्यावर काही महिन्यांतच, गवताची काडीही उगवण्यापूर्वी, राहायला येतो. दिवसा भेगांत दडून राहायचे आणि रात्री वाऱ्याने आणून टाकलेला पालापाचोळा व मेलेले किडे खायचे, असा त्याचा क्रम असतो. झाडोरा वाढला की तो तेथून नाहीसा होतो.

प्रतिसाद २:
भय आगीचे कमी आणि वायूचे अधिक ठेवावे. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री कॅमेरूनमधील न्योस या विवर-सरोवरातून कार्बन डायऑक्साइडचा प्रचंड लोट उसळला आणि, हवेपेक्षा जड असल्यामुळे, उतारावरून खालच्या खोऱ्यांत उतरला. सुमारे १,७०० माणसे आणि हजारो गुरे गुदमरून मेली. आपल्या दरीत हाच नियम लावला, तर खोलगट जागी बुटके प्राणी आधी मरतील, उंच मानेचे वाचतील आणि वाटाडे रात्री सखल जागी मुक्काम करू देणार नाहीत. आग ओकणाऱ्या राक्षसापेक्षा मला हे अधिक भयंकर वाटते.

प्रश्नकर्ता:
हे फारच उपयोगी आहे. मात्र प्राण्यांनी इतका धोका पत्करून तेथे मुद्दाम का यावे?

प्रतिसाद ३:
अंडी घालण्यासाठी. गालापागोसमधील फर्नांडिना बेटावर भू-इग्वाना या मोठ्या सरड्यांच्या माद्या जवळजवळ दीड हजार मीटर उंचीच्या ज्वालामुखीच्या कड्यापर्यंत चढतात आणि त्यांतील काही थेट विवरात उतरतात, कारण तेथील उबदार राखेत अंडी आपोआप उबतात. दगड कोसळून काही जणी वाटेतच मरतात.

प्रतिसाद ४:
चिलखतधारी प्राणी हवा असल्यास हिंदी महासागराच्या तळाकडे पाहावे. तेथे सुमारे २,४०० मीटर खोलीवरील उष्ण झऱ्यांपाशी २००१ साली एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले असून खवल्यांवर व शंखावर लोह-सल्फाइडचा काळा थर असतो. तिला अन्न शोधत हिंडावे लागत नाही, कारण अन्ननलिकेजवळच्या ग्रंथीतील जिवाणूच तिला पोसतात. त्याच महासागरातील दुसऱ्या एका झऱ्यापाशी मात्र हीच गोगलगाय पांढरी, लोहाविना आढळते. कादंबरीतील दोन शेजारच्या दऱ्यांचे पाणी असेच वेगळे ठेवले, तर एकाच जातीचा प्राणी इकडे अभेद्य आणि तिकडे उघडा असेल, आणि शिकारी कोणत्या दरीत गर्दी करतील हे वेगळे सांगावे लागणार नाही.