येऊ घातलेलं अपडेट: अफवा, अटकळ की कुणकुण?

(तळटीप, रुकार, गाभा, सामासिक आणि टर्मिनल ही चर्चेत बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

तळटीप:
भाषांतरात एक शब्द अडला आहे. लेख विंडोजच्या पुढच्या वार्षिक अपडेटमध्ये काय असेल याबद्दलचा. मूळ लेखकाने 'स्पेक्युलेशन' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना वापरला आहे. चाचणी बिल्डमध्ये (प्रणालीच्या चाचणीसाठी दिलेल्या, क्रमांक असलेल्या प्रतीत) सापडलेल्या पण बंद ठेवलेल्या सुविधा, अपडेट कोणत्या महिन्यात येईल याचे हिशेब, आणि कुणीतरी कुठेतरी म्हटलेलं. मसुद्यात तिन्ही ठिकाणी 'अफवा' होतं, तपासणाऱ्यांनी ते खोडून 'अनुमान' केलं. अनुमानाला हेतू, म्हणजे आधाराची खूण, लागते. धूर दिसला तर अग्नी. ऐकीव बातमीत धूर कुठे असतो? यंत्रभाषांतर तर सरळ 'सट्टेबाजी' देतं. तिन्हींना चालेल असा एक मराठी शब्द आहे का?

रुकार:
एक शब्द शोधूच नका. मराठीत इथे भरपूर शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. त्यांच्याबरोबर येणारं क्रियापद पाहा. आवई उठते, कंडी पिकवतात, वावड्या उडवतात. अटकळ बांधतात, आडाखेही बांधतात. कुणकुण लागते, चाहूल लागते. उठण्या-पिकण्याला आधार लागत नाही. बांधायला हाताशी काही सामान असावं लागतं. आणि 'लागते' तेव्हा खरीच एखादी गोष्ट आपल्यापर्यंत पोचलेली असते, पूर्ण दिसलेली नसते एवढंच.

'अफवा' अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ 'अफवाह' म्हणजे तोंडं, 'तोंड'चं अनेकवचन. मुळात त्यात खोटेपणा नव्हता. आजच्या मराठीत मात्र अफवा म्हणजे विश्वास ठेवू नये अशी गोष्ट. जे पुढे खरं ठरू शकतं त्याला अफवा म्हणणं अन्याय आहे.

गाभा:
रुकार यांनी क्रियापदांवरून केलेली विभागणी बिल्डना नेमकी बसते, म्हणून जरा सविस्तर.

विंडोज ११च्या वार्षिक आवृत्त्या दोन प्रकारे येतात. २४एच२ (म्हणजे २०२४च्या उत्तरार्धातली, १ ऑक्टोबर २०२४) ही पूर्ण नवी प्रणाली होती. जुनी प्रणाली 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डरमध्ये सरकवून नवी बसवली जाते, वेळ लागतो आणि परत जायला १० दिवस मिळतात. २३एच२ आणि २५एच२ तशा नव्हत्या. २५एच२चा (३० सप्टेंबर २०२५) बहुतेक सगळा कोड २४एच२ वापरणाऱ्यांच्या डिस्कवर मासिक अपडेटांबरोबर आधीच येऊन निजलेला होता. वरून एक छोटं पॅकेज येतं, ते कळ फिरवतं, यंत्र एकदा रीस्टार्ट होतं आणि 'विनव्हर' ही आवृत्ती दाखवणारी आज्ञा चालवली की बिल्डचा क्रमांक २६१००च्या जागी २६२०० दिसतो.

आता शब्द लावा. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणाऱ्या अपडेटमधून जो कोड तुमच्या डिस्कवर उतरला आहे, त्यातल्या बंद सुविधेबद्दल 'अफवा' म्हणता येत नाही. ती वस्तू तिथे आहे. व्हिव्हटूलसारख्या, बंद सुविधा चालू करणाऱ्या साधनाने तिचा क्रमांक देऊन ती चालूही करता येते. तिला 'चाहूल' म्हणावं. मात्र चाहूल लागली म्हणजे पाहुणा आलाच असं नाही. विंडोज १०च्या चाचणी बिल्डमध्ये 'सेट्स' नावाची सुविधा होती, सगळ्या खिडक्यांना टॅब देणारी. ती २०१८मध्ये चाचणीकर्त्यांनी प्रत्यक्ष वापरली, पण सर्वांसाठी कधीच आली नाही.

तारखेचं म्हणाल तर ती 'अटकळ'च. २५एच२ ऑगस्ट २०२५च्या अखेरीस रिलीज प्रिव्ह्यू चॅनेलमध्ये, म्हणजे चाचणीच्या शेवटच्या टप्प्यात, आलं आणि महिन्याभराने सर्वांसाठी खुलं झालं. या चॅनेलमध्ये आलेल्या बिल्डवरून बांधलेली अटकळ सहसा टिकते. कॅनरी चॅनेलवरून (हा चाचणीचा सगळ्यात आधीचा टप्पा, मार्च २०२३मध्ये सुरू झालेला) बांधलेली टिकत नाही, कारण तिथलं बिल्ड कोणत्याच ठरावीक आवृत्तीशी जोडलेलं नसतं. जाता जाता एक सावधगिरी: चाहूल घ्यायला म्हणून कामाच्या यंत्रावर कॅनरी घेऊ नका. त्यातून बाहेर पडायचं तर विंडोज पुन्हा मुळापासून बसवावं लागतं. रिलीज प्रिव्ह्यूमधून केव्हाही बाहेर पडता येतं.

तळटीप:
हे उपयोगी आहे. मग शीर्षकात 'आगामी अपडेट' ठेवावं की 'येऊ घातलेलं'?

रुकार:
बिल्ड कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर. 'आगामी' म्हणजे पुढचं, त्याचं काम सुरू झालं नसलं तरी चालतं. 'येऊ घातलेलं' म्हणजे येण्याची क्रिया सुरू झालेली. रिलीज प्रिव्ह्यूमध्ये पोचलेलं अपडेट येऊ घातलेलं, कॅनरीतलं फार तर आगामी.

आणखी एक. लेखात 'लीक' असेल तर 'गळती' करू नका. बातमी फुटते, पेपर फुटतो, तसं बिल्डही फुटतं. विंडोज ११चं २१९९६ क्रमांकाचं बिल्ड जून २०२१च्या मध्यावर फुटलं आणि अधिकृत घोषणा २४ जूनला झाली. 'गळती' मेमरीसाठी राखून ठेवा. प्रोग्रॅम मेमरी घेत राहतो, सोडत नाही, वापर चढत जातो, ती गळती. फुटणं एकदाच होतं, गळणं चालू राहतं.

सामासिक:
एवढ्या बारकाईने अफवा-अटकळ निवडता आणि शेजारी 'अपडेट' बिनदिक्कत चालू देता? 'अद्यतन' हा शब्द तयार आहे. कितीतरी मराठी पडद्यांवर तो रुळला आहे. 'येऊ घातलेलं अद्यतन' यात खटकण्यासारखं काय?

रुकार:
खटकतं ते व्याकरण. 'अद्यतन' हे विशेषण आहे. अद्य म्हणजे आज, त्याला 'तन' प्रत्यय, पुरातन-सनातनमधलाच. अद्यतन म्हणजे आजचा. पाणिनीचं 'अनद्यतने लङ्' हे सूत्र आठवा: जो आजचा नाही अशा भूतकाळासाठी लङ् हे क्रियारूप. तिथे हा शब्द काळाबद्दल बोलतो, वस्तूबद्दल नाही. 'येऊ घातलेलं अद्यतन' म्हणजे 'येऊ घातलेलं आजचं'. अर्थ लागत नाही.

सामासिक:
विशेषणाचं नाम होणं मराठीला नवं नाही. 'दैनिक' हे विशेषणच होतं, आज ते वर्तमानपत्र आहे. 'साप्ताहिक', 'मासिक' तेच. दहा वर्षं पडद्यावर दिसलं की अद्यतनही नाम होतं. शब्द वापरायचाच नाही आणि मग तो रुळला नाही म्हणायचं, हे मला मान्य नाही.

टर्मिनल:
मला दोन्ही बाजूंपेक्षा वेगळी अडचण दिसते. अद्यतन म्हणा नाहीतर अद्ययावत करणं म्हणा, मराठी सूचनांमध्ये अपडेट आणि अपग्रेड हे दोन्ही त्याच एका शब्दाखाली जातात आणि त्याने प्रत्यक्ष नुकसान होतं.

उबंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर 'एपीटी अपडेट' ही आज्ञा काहीही बसवत नाही. कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती उपलब्ध आहे याची यादी ती सर्व्हरवरून ताजी करून घेते, बस. प्रत्यक्ष नवी पॅकेजं बसवते ती 'एपीटी अपग्रेड'. तीही बसवलेलं एखादं पॅकेज काढावं लागत असेल तर ते अपडेट मागे ठेवते, त्यासाठी 'फुल-अपग्रेड'. आणि उबंटूच्या एका आवृत्तीतून दुसरीत जायला 'डू-रिलीज-अपग्रेड' ही चौथीच गोष्ट. एलटीएसवरून (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्तीवरून) पुढच्या एलटीएसवर जाण्याचं बोलावणं तर नव्या आवृत्तीचं पहिलं सुधारित प्रकाशन आल्यावरच मिळतं, म्हणजे २२.०४ वापरणाऱ्याला २४.०४.१ आल्यावर.

सूचनापत्रात 'प्रणाली अद्ययावत करा' एवढंच लिहिलं तर वाचणारा पहिली आज्ञा चालवतो, यादी सरसर खाली जाताना पाहतो आणि सुरक्षेची दुरुस्ती बसली असं धरून चालतो. बसलेली नसते. कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, बाबतीत तर अपग्रेड झाल्यावरही रीस्टार्ट लागतो. तोवर 'युनेम -आर' जुनाच क्रमांक दाखवतं, कारण मेमरीत जुनंच कर्नल चालू असतं. माझा आग्रह एवढाच: 'यादी ताजी करा', मग 'नवी पॅकेजं बसवा', मग 'यंत्र पुन्हा सुरू करा'. यात संस्कृत नाही, इंग्रजी जवळजवळ नाही आणि घोटाळाही नाही.

गाभा:
टर्मिनल यांच्या मताला जोड. २५एच२ला 'अपग्रेड' म्हणावं की 'आवृत्ती', हाही प्रश्न आहेच. छपाईत आपण दुसरी आवृत्ती आणि पुनर्मुद्रण वेगळं मानतो. मजकूर बदलला तर आवृत्ती, तोच छापला तर पुनर्मुद्रण. त्या हिशेबाने २४एच२ ही आवृत्ती आणि २५एच२ हे जवळजवळ पुनर्मुद्रण. त्याने पॉवरशेल २.०सारख्या जुन्या गोष्टी काढल्या आणि मुख्य म्हणजे आधाराची मुदत नव्याने सुरू केली: होम आणि प्रोला २४ महिने, एंटरप्रायझ आणि एज्युकेशनला ३६. वापरणाऱ्याला त्यातली मुदत हीच खरी मिळकत.

परत फिरण्यातही हा फरक येतो. पूर्ण बदललेल्या प्रणालीतून परत जायचं तर 'रिकव्हरी'मधून, १० दिवसांच्या आत, आणि 'डिस्क क्लीनअप'ने विंडोज डॉट ओल्ड उडवलं नसेल तरच. छोट्या पॅकेजने आलेलं असेल तर 'अपडेट हिस्टरी'त जाऊन ते पॅकेज काढायचं, की २६१०० परत दिसतं. लेखात दोन्हींना सरसकट 'नवी आवृत्ती' म्हटलं तर वाचक १० दिवसांची मुदत चुकीच्या ठिकाणी मोजेल.

सामासिक:
आधाराची मुदत... 'आधार' की 'पाठबळ' की 'साहाय्य'? 'सपोर्ट संपला' हे वाक्य मराठी नाही.

टर्मिनल:
'विंडोज १०ला आता आपोआप दुरुस्त्या मिळत नाहीत' हे मराठी आहे आणि अचूकही. १४ ऑक्टोबर २०२५ला नेमकं तेच झालं. यंत्रं बंद पडली नाहीत, सर्वांना आपोआप मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. 'आधार संपला' वाचून लोकांना वाटतं की संगणक सुरूच होणार नाही.

रुकार:
इथे टर्मिनल बरोबर आहेत. पण 'दुरुस्ती' सगळीकडे चालणार नाही. नवी सुविधा आली तर ती दुरुस्ती नव्हे, सुधारणा.

तळटीप:
लिनक्सच्या कर्नलबद्दल लेखात एक परिच्छेद आहे, तिथेही तोच मूळ शब्द आहे. तिथे काय करू? 'कुणकुण'?

टर्मिनल:
कुणकुण नको, तिथे काही लपलेलंच नसतं. बदल आधी ईमेलच्या टपाल यादीवर सर्वांसमोर येतो, मग 'लिनक्स-नेक्स्ट'मध्ये, जिथे पुढच्या आवृत्तीचे बदल एकत्र करून पाहतात. ते बदल मुख्य कर्नलमध्ये घेण्याची, म्हणजे विलीनीकरणाची, मुदत दोन आठवडे, मग आरसी१ (अंतिम होऊ शकेल अशी पहिली चाचणी प्रत), पुढे दर रविवारी एकेक, बहुधा आरसी७पर्यंत, कधी आरसी८ही. त्यामुळे आरसी७ झालं की त्यापुढचा रविवार हा आडाखा, आणि आरसी८ निघालं की तो एक आठवडा पुढे. आकड्याबद्दलही फार काही शोधू नये. ३.१९नंतर ४.०, ४.२०नंतर ५.०, ५.१९नंतर ६.०. शेजारचा आकडा फार वाढला म्हणून पुढचा बदलला, त्यात मोठ्या क्रांतीची चाहूल नव्हती.

सामासिक:
'विलीनीकरण' चालतं आणि 'अद्यतन' चालत नाही, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

रुकार:
विलीनीकरण मुळातच नाम आहे, 'करण' लागून तयार झालेलं. 'अद्ययावतीकरण' म्हणालात तर व्याकरणाने माझी हरकत नाही, लांबीने आहे. बटणावर मावत नाही.

गाभा:
मावण्याचं सोडा, 'अपडेट'चं लिंग आधी ठरवा. याच चर्चेत 'ते अपडेट' चाललंय. 'अपडेट आला'ही ऐकू येतं, 'अपडेट आली'ही. अनेकवचन 'अपडेट्स' करायचं की नुसतं 'अपडेट', आणि षष्ठीत 'अपडेटांचा' की 'अपडेट्सचा'?

सामासिक:
नपुंसकलिंग. 'अद्यतन'चं जे लिंग तेच.

रुकार:
बातमीच्या अर्थाने स्त्रीलिंगी: 'काय नवी अपडेट?' संगणकावर बसणारं ते नपुंसकलिंगी, बिल्डसारखं. दोन अर्थ आहेत, दोन लिंगं राहू द्यावीत.

टर्मिनल:
बिल्डचंही ठरलेलं नाही. 'ती बिल्ड पडली' हे प्रोग्रॅमर सर्रास म्हणतात.